जावेच्या घरचं सारवण

माझ्या थोरल्या जावेचा मला हेवा वाटत असे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी बाजू घ्यायला जाणार नाही. तिची भाकरी माझ्यापेक्षा बरी फुगली तरी माझ्या पोटात दुखायचं. ती चार माणसांत बोलायला लागली की लोक ऐकायचे, आणि मी बोलायला लागले की त्यांना गुरं सोडायची आठवण व्हायची. या आठवणीत मी कुणाचं नाव घालणार नाही. माझंही नाही. माझं नाव एकदा चांगल्या ठसठशीत अक्षरांत लिहून टांगलेलं होतं, आणि तेवढं मला जन्माला पुरलं.

मी सावित्री नदीच्या काठची, दासगावची. वडील शाळामास्तर होते म्हणून मराठी चौथीपर्यंत शिकले. लग्न झालं आणि आले ती पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी एका वाडीत. पंधरा-वीस घरं, भाताची चार खाचरं आणि वर उतारावर नाचणी-वरीची वरकस जमीन. दोघा भावांच्या वाटण्या झालेल्या होत्या, म्हणजे एकाच घरात मधे कारवीचा कूड घालून दोन घरं केली होती. अलीकडे आम्ही, पलीकडे थोरली. तिचा नवरा आणि मुलगा मुंबईला गिरणीत. ते शिमग्याला आणि गणपतीला यायचे, एरवी पलीकडे ती एकटीच. पहाटे कुडातून तिच्या जात्याची घरघर ऐकू आली की मीही धडपडत उठून जात्याला बसायची. ती थांबल्याशिवाय मी थांबायची नाही.

वाडीतल्या बायकांपुढे माझी एकच गोष्ट वरचढ होती. ती म्हणजे माझं सारवण. डोंगरातल्या बायका भुई सारवायच्या ती सरळ हाताने, शेणाचे पट्टे ओढत. माझ्या आईकडे तसं नव्हतं. खाडीकाठचं गाव आमचं, तिथे पंजा पसरून, कोपरापासून हात फिरवून अर्धवर्तुळ काढायचं, मग त्याच्या शेजारी दुसरं, आणि पुढच्या रांगेतलं दोघांच्या मधोमध. वाळलं की भुई माशाच्या खवल्यांसारखी दिसते. म्हणून आम्ही त्याला खवल्यांचं सारवण म्हणायचो. मी लग्न होऊन आले तेव्हा आठवडाभर बायका माझी ओटी बघायला येत होत्या.

थोरली मात्र आली नाही. ती दारातून जाता-येता बघायची. शिकव म्हणाली नाही, काही विचारलंही नाही. पाच महिन्यांनी दिवाळीच्या आधी तिच्या घरात डोकावले तर भुईवर खवले. नुसते खवले नाहीत, माझ्यापेक्षा चांगले. ती उंच होती, हात लांब, पंजा माझ्या दीडपट. तिच्या एका फेऱ्यात जेवढी भुई यायची तेवढीला मला दोन फेरे लागायचे. त्यामुळे तिचे खवले मोठे आणि सारखे, आणि माझे लहान, कुठे दाटीवाटीचे. मी घरी येऊन त्या दिवशी भांडी जरा जोरात घासली.

त्या वर्षी, म्हणजे तीस सालाच्या पुढेमागे, महाडला शेतकी प्रदर्शन भरायचं ठरलं. सावित्रीच्या काठच्या मैदानात एक नमुन्याचं खेडं उभं करणार होते. शहरातल्या लोकांना डोंगरातलं जुनं घर, जुनी अवजारं, घरातली कामं पाहायला मिळावीत असा त्यामागचा विचार होता. वाडीत सगळे हसले. आपली घरं बघायला कोण जाणार, आपल्यालाच ती बघून कंटाळा आलाय, असं माझा नवरा म्हणाला. पण एक दिवस खरोखरच एक कारकून वाडीत आला. कणगी, इरली, घोंगड्या, नांगर असं सगळं बघत फिरला. त्याला एक बाईही हवी होती. सात दिवस त्या घरात राहून लोकांसमोर दळणकांडण आणि सारवण करील अशी.

तो आमच्या दोन्ही ओट्या बघून थांबला. मला वाटलं, आता आपलीच पाळी. या वाडीत कारकुनाशी धड बोलू शकेल अशी मी एकटी. मी पदर सावरला, पुढे झाले, आणि वडिलांच्या तोंडची पुस्तकी भाषा काढली. आपण दुरून आलेले दिसता, आधी थोडी विश्रांती घ्यावी, मग सारवणाची पद्धत मी आपणांस सविस्तर सांगते, असं बरंच काही बोलले. कारकून ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "बाई, तुम्ही फार छान बोलता. पण आम्हाला खेड्यातली बाई हवी आहे."

आणि त्याने थोरलीकडे पाहिलं. ती खांबाला टेकून उभी होती, हाताला शेण, तोंडातून शब्द नाही. मी कळशी उचलली आणि ओढ्यावर निघून गेले. कळशी भरलेलीच होती, हे निम्म्या वाटेत लक्षात आलं. ती ओतून पुन्हा भरली. मी परत आले तेव्हा कारकून कागदावर काहीतरी लिहून निघून गेला होता.

चार दिवसांनी बैलगाडी आली. सासूबाईंच्या वेळचं जातं, उखळ, मुसळ, कणगी, सगळं थोरलीच्या घरातलं गेलं. माझ्या घरातली केरसुणीदेखील त्यांना लागली नाही. निघताना ती मला म्हणाली, "घराकडं बघ गो माज्या. दिवा लाव, गायला बघ. आन मी येयाच्या आदी भुई सारवून ठेव. आले की दुसऱ्या दिशी पालखी हाय."

आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. त्याआधी घर आदल्या दिवशी सारवलेलं असावंच लागतं. मुंबईची माणसं आलेली असतात, सगळी वाडी पालखीबरोबर घरात शिरते, आणि देवाला नमस्कार करायला वाकलेली प्रत्येक बाई आधी भुई बघते. जाऊ बाहेरगावी असेल तर दुसरीने तिचं घर सारवायचं, ही रीत. नाही म्हणण्याचा प्रश्न नव्हता. मी मान हलवली.

दिवा मी रोज लावला. गाईला पाणी पाजलं. पण सारवलं नाही. तिची भुई रोज उकलत होती. कोंबड्या आत शिरून खड्डे करत होत्या, चुलीजवळ पोपडे निघाले होते. मी कोंबड्या हाकलल्याही नाहीत. तिच्या गाईचं शेण मी माझ्या भिंतीवर गोवऱ्या थापून लावत होते. माझ्या गुरांचं शेण वेगळं साठवलं, सागाच्या पानांखाली झाकून ठेवलं, पालखीच्या आदल्या दिवशी माझं घर सारवायला. मनात एकच चित्र होतं. पालखी तिच्या दारात आली आहे, लोक आत शिरलेत, आणि म्हणताहेत, महाडला जाऊन लोकांना सारवण दाखवते आणि घर बघा. मला तेवढंच हवं होतं. फार नको होतं.

रोज कुणीतरी महाडहून येऊन सांगायचं. बाजाराला गेलेला प्रत्येक माणूस नमुन्याचं खेडं बघूनच परतायचा. कुणी म्हणे तिथे माणसांची जत्रा लोटते आहे. कुणी म्हणे एक साहेब आणि मडम कितीतरी वेळ उभं राहून तिचं सारवण बघत होती. त्या घराला उंबरा नव्हता म्हणे, तर तिने स्वतः एक बांबू आडवा ठेवून त्याला हळदकुंकू लावलं, आणि आता शहरातली माणसंही तो ओलांडताना जपून पाऊल टाकतात. डोंगरातली माणसं तर घर बघून सरळ आत जाऊन बसत, पाणी मागत. ते दाखवायचं घर आहे हे त्यांच्या ध्यानातच यायचं नाही. तीही सगळ्यांना गूळपाणी द्यायची. गवताच्या छपराखाली चूल पेटवायची नाही असा हुकूम होता, नाहीतर तिने भाकऱ्याही थापल्या असत्या. माझा नवरा एकदा जाऊन आला आणि जेवताना दोनदा म्हणाला, वयनीनं काय सारवलंय. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी त्याला ताक वाढायचं विसरले.

शेवटच्या दिवशी तिला आणि जातं-उखळ परत आणायला आमचीच गाडी जायची होती. मीही बसले. शेजारच्या म्हातारीला गुरं बघायला सांगितली. बघू तरी काय आहे ते, असं मी नवऱ्याला म्हटलं. खरं म्हणजे मला तिची चूक सापडायला हवी होती.

मैदानात शिरले. एका बाजूला नवे नांगर, पंप, बियाण्यांच्या बरण्या. त्यांच्यापुढे कुणी नव्हतं. गर्दी होती ती दोरी बांधलेल्या एका घराशी. कारवीचे कूड, गवती छप्पर, आतलं दिसावं म्हणून पुढची भिंतच ठेवलेली नव्हती. आत आमची कणगी, आमच्या सासूबाईंचं जातं. आपल्या घरातली वस्तू परक्यांच्या मधे उभं राहून बघताना कसंसंच होतं. थोरली गुडघ्यांवर बसून मागे सरकत सारवत होती. दिवसभर पायांनी भुई खराब व्हायची, म्हणून तिला रोज नव्याने सारवावं लागे.

मी भुईकडे पाहिलं आणि मला रडू यायला लागलं. चूक एकही नव्हती. कोपऱ्यापासून त्या बांबूच्या उंबऱ्यापर्यंत सगळे खवले एका मापाचे. माझ्या आईने माझा हात धरून मला शिकवलेलं सारवण ते, आणि माझ्या हाताला ते इतकं कधी साधलं नव्हतं. ही बया माझ्या आईचा ऐवज उचलून चव्हाट्यावर बसली आहे आणि सगळं महाड तिला वाहवा देतंय, असं माझ्या मनात आलं. माझ्या हातात त्या वेळी काही असतं तर मी ते फेकून मारलं असतं.

माझ्यापुढे कोट-पागोटेवाले एक वकील आणि त्यांची बायको उभी होती. घराच्या खांबाला एक पाटी टांगलेली होती. वकिलांनी ती बायकोला मोठ्याने वाचून दाखवली. डोंगरी भागातील शेतकऱ्याचे घर, सारवणकाम अमुक बाईंचे, मुक्काम अमुक वाडी. त्यांनी घेतलेलं नाव माझं होतं. पुढे माझ्या नवऱ्याचं नाव, मग आडनाव. मी टाचा उंचावून स्वतः वाचलं. माझंच. एका वेलांटीचीही चूक नव्हती.

वकिलांच्या बायकोने दोरीवरून वाकून थोरलीला माझ्या नावाने हाक मारली. "हात फार सुरेख आहे हो तुमचा," ती म्हणाली. थोरलीने वर पाहिलं आणि मान हलवली. मी हातभर अंतरावर उभी होते.

म्हणजे आठवडाभर तिथे माझ्या नावाचं कौतुक चाललं होतं आणि ते दुसरीच कुणी घेत होती. वाडीतली एकूण एक माणसं तिथे जाऊन आली होती, पण त्यांतल्या कुणाला अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून मला कुणी सांगितलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आधी मी तिच्या नावासाठी जळत होते, आता ते कौतुक घेणाऱ्या तिच्या तोंडासाठी जळायला लागले.

गर्दी ओसरल्यावर तिने मला आत बोलावलं. बांबू ओलांडताना मीही जपून पाऊल टाकलं. तिने गूळपाणी दिलं आणि पाटीकडे बोट करून विचारलं, "नाव बरोबर लिवलंय ना गो तुजं?"

मी विचारलं, माझं का दिलंस. ती म्हणाली की कारकुनाने नाव विचारलं तेव्हा मी ओढ्यावर गेले होते. "म्या म्हटलं, ही कला धाकटीची हाय. म्या नुसती बघून शिकले. तिचं लिवा." मग हळूच पुढे म्हणाली, "आन माजं नाव हजार बाप्यांनी वाचलं असतं तर आमच्या घरात चाललं नसतं गो. तू शिकलेली. तुजं चालतं."

यात तिचा मोठेपणा किती आणि धूर्तपणा किती हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तेव्हा तर ठरवायला वेळही मिळाला नाही, कारण तिने लगेच विचारलं, घर सारवलंस ना? मी म्हटलं, सारवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी जुंपली. जातं आणि उखळ घेऊन बैल मुंगीच्या पावलाने चालले होते. ती जात्याला टेकून डोळे मिटून बसली होती, सात दिवसांनी तिला पाठ टेकायला मिळाली होती. मला बसवत नव्हतं. तिने घराचं दार उघडलं की काय दिसेल ते मला दिसत होतं. खड्डे, पोपडे, कोंबड्यांची घाण. आता लोक काय म्हणतील याची मला पर्वा उरली नव्हती. ती काय म्हणेल याची धास्ती होती. पोलादपूर आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं की गुरांचं बघायचं आहे, मी पायवाटेने पुढे होते. गाडीचा रस्ता वळसा घालून यायचा. मी जवळजवळ पळतच वाडी गाठली.

तिचं दार उघडून आधी झाडलं. खड्डे मातीने भरून दगडाने ठोकले. मग शेण. तिच्या गाईचं सगळं माझ्या भिंतीवर वाळलेलं होतं. शेजारी मागावं तर त्या संध्याकाळी सगळी वाडी सारवत होती, कुणाकडे मूठभर शिल्लक नव्हतं. सागाच्या पानांखाली माझ्या घरासाठी ठेवलेलं होतं तेवढंच. मी ते कालवलं आणि बसले. माझ्या लहान पंजाने, दाटीवाटीचे खवले काढत, चुलीपासून उंबऱ्यापर्यंत मागे सरकत आले. उंबऱ्याशी आले आणि शेणाच्या घमेल्याचा तळ लागला. तेवढ्यात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

ती दारात उभी राहिली. भुई अजून ओलीच होती, आत पाऊल टाकता येईना. तिने वाकून उंबऱ्याजवळ एक बोट टेकवलं आणि बोटाकडे पाहिलं. मी म्हटलं, पालखी आहे म्हणून आज पुन्हा एकदा हात फिरवला. ती हूं म्हणाली. मग तिने माझ्या भिंतीकडे पाहिलं, तिथे गोवऱ्यांच्या रांगा होत्या. भुई वाळेपर्यंत अंगणात घोंगडी टाकून बसून राहिली.

सकाळी तिचा नवरा आणि मुलगा मुंबईहून बोटीने दासगावला उतरून चालत आले, आणि पाठोपाठ ढोल वाजला. पालखी आधी थोरल्या घरात शिरायची. लोक आत गेले, वाकले, आणि कुजबुज सुरू झाली. प्रदर्शनातली बाई ती, तिचं घर असंच असणार. काय हात हाय. एका म्हातारीने तर भुईवरून बोटं फिरवून बघितलं. माझे खवले होते ते. थोरलीने पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. मी दारात उभी राहून सगळं ऐकत होते.

मग पालखी माझ्या दाराशी आली. माझ्या भुईला आठ दिवसांत हात लागला नव्हता. मी महाडला गेले त्या दोन दिवसांत कोंबड्यांनी तीही उकरली होती. लोक आत आले, वाकले आणि एकमेकांकडे बघायला लागले. तीच म्हातारी मोठ्याने म्हणाली, "शिकलेल्या बायला शेणात हात घालाया लाज वाटती." माणसं हसली. थोरले दीर हसले, माझा नवराही हसला. मी बोलणार तरी काय? खरं सांगायचं तर आधी तिच्या घराचं सांगावं लागलं असतं.

थोरली गर्दीतून पुढे आली. चार माणसांत ती बोलायला लागली की लोक ऐकायचे, तसे ते तेव्हाही गप्प झाले. ती म्हणाली, "माजं घर तिनं सारवलंय. काल सांजच्याला. व्हतं नव्हतं ते समदं शेण माज्या भुईला लावलंन. म्हून तिचं राह्यलं."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. म्हातारीने माझ्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. थोरले दीर म्हणाले, अशी जाऊ मिळायला भाग्य लागतं. आठ दिवस मी ज्यासाठी जळत होते ते सगळं त्या एका घटकेत माझ्या पदरात पडलं, नाव, तोंड, हात, तिन्ही माझेच. आणि थोरलीने खोटा शब्द एकही उच्चारला नव्हता. मला हे आयुष्यात कधी जमलं नसतं. तिच्या जागी मी असते तर ओलं बोट सगळ्या वाडीला दाखवलं असतं. त्या वेळी मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा त्याआधी कधी वाटला नव्हता.

ढोल पुढच्या घराकडे गेला, माणसंही गेली. ती मागे राहिली. माझ्या उंबऱ्याजवळचा कोंबड्यांनी केलेला खड्डा तिने पायाच्या अंगठ्याने दाबून सारखा केला.

"उद्यापासनं माज्या गायचं शेण माज्याकडं टाक," ती म्हणाली. "गोवऱ्या पुरं झाल्या तुज्या."